सहीशेजारचा शेरा

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मिळून गेल्या पन्नास वर्षांत जेवढं खरं बोललं गेलं, त्यातलं निम्मं तरी आमच्या थोरल्या साडूंनी एकट्यानं बोललेलं आहे, आणि त्यातलं बरंचसं कोणी विचारलेलं नसताना. मी अकोल्याला शाळामास्तर. खरं बोलावं असं मी मुलांना तीस वर्षं शिकवलं, पण ते शिकवण्यापुरतं. घरी बायकोनं केलेली भाजी, पाहुण्यांचं गाणं, हेडमास्तरांची कविता, यांना मी आजवर वाईट म्हटलेलं नाही आणि माझं सगळं सुखानं पार पडलं. साडू मात्र माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे टाळता न येणारे. अमरावतीला त्यांच्या घरी जायचं म्हटलं की मी एस.टी.त बसल्याबसल्या केस नीट करायचो, कारण दारातच ‘गुरुजी, टक्कल वाढून राहिलं तुमचं’ हे ऐकावं लागणार हे ठरलेलं असायचं.

नोकरीनं ते ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे. त्या काळी कापसाची सरकारी खरेदी होती आणि हंगामात त्यांचा मुक्काम तेल्हाऱ्याच्या केंद्रावर असे. गाड्यांची रांग लागे. साडू प्रत्येक गाडीपुढं उभे राहत, कापसात कोपरापर्यंत हात खुपसत, आतला चिमूटभर कापूस काढत आणि दोन्ही अंगठ्यांत धरून हळू ओढत धागा किती लांब निघतो ते पाहत. वरचा कापूस त्यांनी कधी हातात घेतला नाही. वर सगळेच चांगला ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. ग्रेड कमी मिळालेला शेतकरी संध्याकाळपर्यंत शिव्या देई आणि दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याला सांगे, की गाडी याच ग्रेडरपुढं लाव, हा पुढाऱ्याच्या गाडीतही कोपरापर्यंतच हात घालतो. ही सवय त्यांच्या हातातून हंगाम संपला तरी जात नसे. माझ्या लग्नात मांडवातल्या गादीची शिवण एका कोपऱ्यात उसवलेली होती. साडूंनी तिथून बोटभर कापूस ओढला, डोळ्यांपुढं धरला आणि भर पंगतीत आमच्या सासऱ्यांना विचारलं, “मामाजी, हा नवा म्हणून इकला का तुमाले? यात निम्मी कवडी हाये.” कवडी म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस. सासऱ्यांनी त्या गाद्या नव्या म्हणून चारचौघांत मिरवल्या होत्या. पुढचे दोन तास ते जावयाशी बोलले नाहीत, आणि तो जावई मी नव्हे म्हणून मला मांडवात फार बरं वाटलं.

दुसरी सवय सहीची. खरेदीच्या पावतीवर ग्रेडरनं सही करताना शेजारी शेरा लिहायचा असतो: ओलसर, कवडीयुक्त, पुन्हा पाहावा, असलं काही. वीस-पंचवीस वर्षं हेच केल्यामुळं नुसती सही करणं त्यांना जमेनासं झालं होतं. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही केली, तिच्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं, ‘अक्षर बरे. गणिताचा भरवसा नाही.’ एका भाच्याच्या लग्नात साक्षीदार म्हणून रजिस्टरवर सही केली आणि पुढं लिहिलं, ‘मुहूर्त एकवीस मिनिटे टळला.’ पोस्टमननं रजिस्टर पत्र आणलं तर पोच देताना ‘पाकीट कोपऱ्यात फाटके’ असा शेरा. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, “याईच्या मागं रबर घेऊन फिराव लागते मले.” तो शेरा इतक्या बारीक अक्षरांत असे, की बहुतेकांच्या तो लक्षातच येत नसे, आणि त्यावरच त्यांचं आयुष्य बिनबोभाट चाललं होतं.

लोक त्यांना घाबरत, आणि तरी बोलावत. आमच्या ओळखीतल्या एका मुलीच्या वडिलांनी एका स्थळाची चौकशी त्यांच्याकडं केली. तो मुलगा तेल्हाऱ्याला हंगामभर साडूंच्या खोलीवर राहिलेला. साडू म्हणाले, “पोरगा चांगला हाये. घोरते. टिनाचं छप्पर असन तर पाहून घ्या.” सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मुलीचा बाप मात्र हसत घरी गेला आणि महिन्याभरात लग्न झालं. यांना याहून वाईट काही सापडलं असतं तर यांनी तेही सांगितलं असतं, एवढा साधा हिशेब त्या बापानं केला होता. मला तो त्या वेळी कळला नाही.

अशा माणसाला सरकारनं एके दिवशी साक्षीदार केलं. झालं असं, की मे महिन्यात कापसाचा हंगाम संपून साडू अमरावतीच्या ऑफिसात पंख्याखाली रिकामे बसले होते. लाच पकडणाऱ्या पथकाला सापळ्यासाठी दोन सरकारी नोकर पंच म्हणून लागतात. पथकाचं पत्र आलं तेव्हा वरिष्ठांनी इकडंतिकडं पाहिलं, आणि जो ऑफिसात नसल्यानं सगळ्यांनाच बरं वाटेल अशा माणसाचं नाव लिहून दिलं. तक्रार सलीमभाई नावाच्या एका बागवाल्याची होती. तालुक्यापासून चार कोसांवर त्यांचा तीन एकर संत्रा. ती वर्षं वऱ्हाडात वाईटच होती. पाणी दरवर्षी खाली जात होतं, विहीर आटली होती, आणि नव्या बोअरच्या परवानगीचा कागद तालुक्याच्या एका कचेरीत अडकला होता. कचेरीचं नाव मी सांगत नाही. तिथला साहेब सहीचे दोन हजार मागत होता, आणि झाडं वाट पाहायला तयार नव्हती.

सापळ्याची हकिकत साडूंनी मला इतक्या वेळा आणि इतक्या बिनचूक सांगितली आहे, की मी स्वतः तिथं होतो असं मला कधीकधी वाटतं. नोटांना पावडर लावली. ती हाताला लागते आणि हात विशिष्ट पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. साडूंनी सलीमभाईंसोबत आत जायचं आणि बोलणं ऐकायचं. पथकाचे अधिकारी म्हणाले, “तुम्ही यांचे शेजारी आहात असं सांगा.” साडू म्हणाले, “मी शेजारी नाई. मी अमरावतीत राहतो.” “मग मेहुणे आहात म्हणा.” “माही बहीण याईच्या घरात देल्ली नाई.” पंधरा मिनिटं हुज्जत झाल्यावर असं ठरलं, की त्यांनी तोंडच उघडायचं नाही. मग इशारा ठरला. साहेबानं नोटा घेतल्या की सलीमभाईंनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसायचं, म्हणजे बाहेरची माणसं आत येतील. अधिकारी बाहेरगावाहून नवेच बदलून आलेले होते. साडूंनी त्यांना विचारलं, “साहेब, वऱ्हाडात, मे महिन्यात, दुपारी दोनले, घाम पुसाची खूण ठेवून राहिले तुमी?” अधिकाऱ्यांनी त्यांना गप्प राहायला सांगितलं, आणि तोंड उघडायचं नाही हे ठरलेलंच असल्यामुळं साडू गप्प राहिले.

आत कूलर बंद होता. सलीमभाई खुर्चीत बसले आणि घामाची धार लागली. कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यांत. पुसावं तर सापळा फुटतो, म्हणून ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. साहेबाला कीव आली. “अहो, घाम पुसा ना,” तो म्हणाला. “राहू द्या साहेब, बरं वाटते,” सलीमभाई म्हणाले. साहेबानं उठून माठातलं पाणी स्वतःच्या हातानं दिलं. मग खाली बसून विचारलं, “आणलं का?” “आणलं साहेब.” सलीमभाईंनी नोटा काढल्या, साहेबानं घेतल्या, अंगठ्याला थुंकी लावून मोजल्या आणि ड्रॉवरमध्ये टाकल्या. तेव्हा कुठं सलीमभाईंनी दुपट्टा तोंडाला लावला तो काढेचनात. पथक आत आलं, साहेबाचे हात धुतले, पाणी गुलाबी झालं, पंचनामा लिहून झाला, तरी ते आपले पुसतच होते. पंचनाम्यात लिहिलं होतं, की साहेबानं ‘पैसे आणले का’ असं विचारलं. साडू म्हणाले, “‘पैसे’ नाई म्हणले थे. ‘आणलं का’ म्हणले.” अधिकारी म्हणाले, अर्थ तोच. “अर्थ मले माहीत नाई. कानानं आयकलं थे सांगतो.” अधिकारी घाईत होते. त्यांनी सहीची जागा बोटानं दाखवली आणि साडूंनी सही केली.

खटला उभा राहायला पाच वर्षं लागली. एवढ्या अवधीत साहेब आधी निलंबित झाला, मग दुसऱ्या तालुक्यात पुन्हा कामावर आला. सलीमभाईंचं मात्र पार वाटोळं झालं. परवानगी मिळाली ती उशिरा, आणि बोअरला पाणी लागलं नाही. कोणत्याही कचेरीत गेले की कारकून दोन्ही हात टेबलावरून काढून घेत. गावात लोक म्हणत, सलीमनं चांगल्या माणसाला फसवलं. साक्षीच्या आदल्या दिवशी ताईंनी मला अकोल्याहून बोलावून घेतलं, कारण सरकारी वकिलांनी निरोप धाडला होता, की मागणीचा शब्द पंचाच्या तोंडून नीट आला नाही तर साहेब सुटलाच समजा. दुपारी जेवताना आम्ही दोघांनी त्यांना घेरलं.

“एक शब्द,” ताई म्हणाल्या. “‘पैसे’ म्हणून टाका न बाप्पा. खाल्ले नाईत का त्यानं?”

“खाल्ले.”

“मंग?”

“पण बोलला नाई.”

मी त्यांना शाळेतली उदाहरणं दिली, वडीलधाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. शेवटी, एका शब्दानं एका गरिबाचं भलं होत असेल तर त्यात पाप नाही, असंही म्हणालो. साडूंनी शांतपणे भाकरी संपवली. “गुरुजी, एक सोयीचा शब्द वर ठेवला का सारी गाडी तशीच भरते. मंग आपलाच हात कोपरापर्यंत घालाची हिंमत राहत नाई.” इतक्यात सलीमभाईच दारात आले. वयानं पन्नाशीचे, पण पाच वर्षांत पार पिकलेले. बसले, पाणी प्याले. “भाऊ, माह्या पोराची सोयरीक दोनदा मोडली,” ते म्हणाले. “लोक म्हणते, बाप झूठा हाये. उद्या थो सुटला तर मी मरेपर्यंत झूठाच.” मला वाटलं, आता तरी साडू विरघळतील. पण सलीमभाईच पुढं म्हणाले, “शिकवाले नाई आलो तुमाले. जे झालं थेच सांगा. एवढंच म्हणाले आलो होतो.” साडू म्हणाले, “थेच सांगीन.” त्या रात्री ताई आणि मी दोघंही अन्नाला शिवलो नाही. साडू नेहमीसारखे जेवले.

कोर्टात साहेबाचे वकील गोड आवाजाचे, रेशमी बोलणारे होते. त्यांनी सुरुवातीलाच नेमक्या जागी बोट ठेवलं. “आरोपीनं ‘पैसे’ हा शब्द उच्चारला का?”

“नाई.”

सरकारी वकिलांनी पेन खाली ठेवलं. मागच्या बाकावर सलीमभाईंनी डोळे मिटले.

“पण पंचनाम्यात तो शब्द आहे. खाली सही तुमची आहे. म्हणजे एक तर तेव्हा खोटं बोललात, नाही तर आत्ता बोलता आहात.”

“सहीशेजारी पाहा न,” साडू म्हणाले.

“काय पाहू?”

“शेरा.”

न्यायाधीशांनी कागद मागवला, चष्मा कपाळावर सारला आणि कागद नाकाला लावला. मग त्यांनी ते मोठ्यानं वाचलं: “‘पैसे’ हा शब्द ऐकला नाही. बाकी बरोबर. उकाडा फार.” पाच वर्षांत तो शेरा पथकाला दिसला नव्हता, सरकारी वकिलांना दिसला नव्हता, आणि ज्यांनी तो कागद उलटासुलटा करून पाठ केला होता त्या रेशमी वकिलांनाही दिसला नव्हता. पण वकील हुशार. ते लगेच सावरले.

“म्हणजे ‘आणलं का’ हे एखाद्या कागदाबद्दलही असू शकतं?”

“असू शकते.”

सरकारी वकिलांनी आता पेनचं टोपणही लावलं. साडू पुढं म्हणाले, “पण सलीमभाईनं नोटा काढल्या तवा साहेबानं ‘हे काय’ असं नाई विचारलं. अंगठ्याले थुंकी लावली अन् मोजाले लागले. कागद थुंकी लावून मोजताना मी कोणाले पाह्यलं नाई. तुमी पाह्यलं असन तर सांगा, मी माहं म्हणणं मागं घेतो.” कोर्टात हशा झाला. न्यायाधीशांनी टेबलावर पेन्सिल आपटली आणि स्वतःचं हसू रुमालात लपवलं. साक्ष संपली असं सगळ्यांना वाटलं, तेवढ्यात साडू पिंजऱ्यातूनच म्हणाले, “एक राहिलं. साहेबानं सलीमभाईले पाणी देल्लं. आपल्या हातानं. थे लिहा.”

“ते कशाला?” न्यायाधीश म्हणाले.

“झालं म्हणून.”

बाहेर आल्यावर सरकारी वकील त्यांच्याकडं न पाहता निघून गेले. ताईंना काय सांगायचं याचा विचार करत मी चहा सांगितला. साडूंनी तो पिऊन चहावाल्याला दूध पातळ असल्याचं सांगितलं.

निकाल तीन महिन्यांनी लागला. साहेबाला शिक्षा झाली. न्यायाधीशांनी आमच्या साडूंच्या साक्षीवर काही पानं खर्च केली होती. त्यांचा मथितार्थ असा, की या साक्षीदारानं आरोपीच्या सोयीचं जे होतं ते न विचारता सांगितलं, तेव्हा त्यानं गैरसोयीचं जे सांगितलं त्यावर संशय घ्यायला जागा नाही. मी त्या ओळी दोनदा वाचल्या आणि घोरणाऱ्या मुलाचा सासरा मला आठवला. साडूंना निकालाची प्रत दिली तर त्यांनी सगळी वाचली आणि म्हणाले, “दुसऱ्या पानावर माह्या वयात एका वर्षाची चूक हाये.”

आठवडाभरानं सलीमभाईंनी साडूंना आणि मला गावी जेवायला बोलावलं. आता गावात लोक त्यांना रस्त्यात थांबवून बोलत होते, मुलाची सोयरीकही पुन्हा जुळत होती. जेवणानंतर ते आम्हाला बागेत घेऊन गेले. तीन एकर संत्रा उभा होता, पण पानं जवळजवळ नव्हतीच. एका कडेला टँकरच्या पाण्यानं भरलेली टाकी होती आणि सलीमभाईंची बायको बादलीनं एकेका आळ्यात पाणी टाकत होती. पाणी विकतचं होतं आणि हे दोन उन्हाळे चाललं होतं. “कृषीवाले आले, सोयरे आले, सरपंच आला,” सलीमभाई म्हणाले. “सारे म्हणते, होईन, पालवी फुटन, सबर करा. भाऊ, तुमी पाहा.”

साडू एका झाडापाशी बसले. बुंध्यावर नखानं साल खरवडली, आत पाहिलं. दुसरं झाड, तिसरं झाड. मुळाशी माती उकरली. असं ते तासभर ओळीओळीनं फिरले आणि मी त्यांच्यामागं देवाचा धावा करत फिरलो, की या एका जागी तरी यांनी माझ्यासारखं बोलावं. परत आले आणि नखांतली साल काढत उभे राहिले.

“गेलं, सलीमभाई,” ते म्हणाले. “पाणी नोका टाकू आता. इहिरीकडचे दोन हिरवे हायेत आतून. थे राहू शकते. राहतीन असं म्हणत नाई मी. राहू शकते.”

सलीमभाईंनी बायकोच्या हातातली बादली घेतली आणि खाली ठेवली. मग ते बांधावर बसून रडले, आणि रडता रडताच म्हणाले, “बरं झालं भाऊ. तुमी म्हणलं म्हणून सुटलो.” त्यांची बायको आमच्यासाठी चहा करायला गेली. परतीच्या एस.टी.त साडू खिडकीबाहेर पाहत होते. वळून त्यांनी मला विचारलं, “गुरुजी, खोटं बोलाव लागत होतं का इथं?” मी आयुष्यभर त्यांना हेच सांगत आलो होतो. त्या दिवशी मी तिकिटांची घडी घालत बसलो.

सलीमभाईंनी बाग तोडली, तूर आणि सोयाबीन पेरलं, घर सावरलं. दोहोंपैकी एक झाड जगलं. गेल्या वर्षी साडू गेले. चौदाव्याच्या आधी सलीमभाई मुलासोबत अमरावतीला आले, ताईंपुढं थोडा वेळ बसले, आणि निघताना मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाले, “गुरुजी, इहिरीकडच्या झाडाची एक फांदी वाळून राहिली. आता कोणाले दाखवू?”

“होईल ठीक,” मी म्हणालो. “पालवी फुटेल.”

सलीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि ‘हो’ म्हणाले. माझा हात हातात घेऊन प्रेमानं दाबला. त्यांना माझं खरं वाटलं नव्हतं, आणि माझ्यापाशी तर त्यांना सांगण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.